हाँगकाँगच्या उद्यानातील बारा माकडे : दोष मातीचा की कामाच्या पद्धतीचा?

काटेसावर (धागालेखक)

ऑक्टोबर २०२४ मध्ये हाँगकाँगच्या प्राणी व वनस्पती उद्यानात काही दिवसांच्या अंतराने बारा माकडे दगावली. १३ ऑक्टोबरच्या रविवारी एकदम आठ माकडे मेलेली आढळली, दुसऱ्या दिवशी नववे गेले आणि महिना संपायच्या आत हा आकडा बारावर पोहोचला. त्यांत कॉटन-टॉप टॅमरिन, पांढऱ्या तोंडाची साकी, स्क्विरल मंकी आणि डी ब्राझा अशा निरनिराळ्या जातींची माकडे होती. यांपैकी कॉटन-टॉप टॅमरिन ही मूळची कोलंबियाच्या वायव्य भागातील जंगलांतली, नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावर असलेली जात आहे.

शवविच्छेदन आणि प्रयोगशाळेतील तपासण्यांनंतर मेलिऑइडोसिस या जिवाणुजन्य रोगाचे निदान झाले. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा त्याचा जिवाणू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. सरकारने दिलेले स्पष्टीकरण असे, की ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिंजऱ्यांजवळ जमिनीखालच्या पाइपच्या कामासाठी खोदकाम झाले होते आणि उकरलेल्या मातीतील जिवाणू कामगारांच्या बुटांबरोबर पिंजऱ्यांत गेले असावेत.

माझा आक्षेप त्यानंतरच्या चर्चेला आहे. बहुतेक ठिकाणी 'मातीतला जंतू' एवढे म्हणून विषय मिटवला गेला, जणू काही वीज पडून माकडे मेली. वास्तविक हे उद्यान १८६४ साली लोकांसाठी खुले झाले आणि १८७१ मध्ये पूर्ण झाले. माती तेव्हापासून तिथेच आहे. नवीन होते ते खोदकाम, आणि खोदकामानंतर त्याच बुटांनी पिंजऱ्यात शिरणे. म्हणून दोष कामाच्या पद्धतीचा आहे असे माझे मत आहे. या क्षेत्रातील जाणकारांना काय वाटते? हे मृत्यू टाळता आले असते का?

---

गोठ्यातला डॉक्टर

मी पशुवैद्य आहे; बहुतेक आयुष्य गाईम्हशींत गेले असले तरी काही वर्षे एका प्राणिसंग्रहालयाचा सल्लागार होतो. प्रश्न चांगला आहे, पण उत्तराआधी हा जिवाणू कसा वागतो ते पाहावे लागेल.

तो मातीच्या अगदी वरच्या थरात फारसा रमत नाही. त्याचा शोध घेणारे संशोधक साधारण तीस सेंटिमीटर खोलीवरून मातीचे नमुने घेतात, यावरून त्याचे ठिकाण लक्षात यावे. उन्हाळ्यात तो खाली दबून राहतो, जोराच्या पावसाने किंवा कुदळीने वर येतो. त्यामुळे दीडशे वर्षे माती तिथे होती आणि काही झाले नाही, हा तुमचा मुद्दा योग्य आहे. मात्र त्याचाच दुसरा अर्थ असा, की त्या मातीत काय दडले आहे याची कोणाला कल्पना असण्याचे कारणही नव्हते.

शरीरात तो तीन वाटांनी शिरतो : कातडीवरच्या खरचटल्यातून, श्वासातून आणि तोंडावाटे. माकड दिवसभर काय करते ते आठवा. जमिनीवरची वस्तू हाताने उचलते, हुंगते, तोंडात घालते, एकमेकांच्या अंगावरचे वेचून खाते. म्हणजे तिन्ही वाटा सतत उघड्या. माणसात लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सामान्यतः एक ते एकवीस दिवस जातात आणि बहुतेकदा चारच्या आसपास. महिन्याच्या सुरुवातीचे खोदकाम आणि तेरा तारखेचे मृत्यू यांचा मेळ त्या हिशेबात बसतो. वेगवेगळ्या जातींची आठ जनावरे एकाच दिवशी जातात, तेव्हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे गेला असे मानणे कठीण असते. सगळ्यांना एकाच ठिकाणाहून आणि जवळपास एकाच वेळी लागण झाली असणार.

त्यात टॅमरिनचे वजन जेमतेम अर्धा किलो. एवढ्याशा जिवाला सेप्सिस झाला, म्हणजे संसर्ग रक्तावाटे अंगभर भिनला, तर सकाळी खाताना दिसलेले जनावर संध्याकाळी मेलेले सापडते. शिवाय माकडे दुखणे लपवतात, कारण कळपात अशक्त दिसणे परवडत नाही. कीपरला सुस्ती लक्षात येईपर्यंत उपचाराची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

---

अर्धाचहा

म्हणजे 'प्राण्यांना खाद्य देऊ नये' या पाटीखाली आता 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशीही पाटी लागणार. देवळाच्या पायरीवर चपला सांभाळणाऱ्यांनी पिंजऱ्यापाशीही बसायला हरकत नाही.

---

हार्बरपलीकडचा

मी बरीच वर्षे कौलूनमध्ये राहतो, त्यामुळे जागेचे थोडे वर्णन करतो. हे उद्यान सेंट्रल भागातील टेकडीच्या उतारावर, दाट वस्तीच्या मधोमध आहे. क्षेत्रफळ साधारण साडेपाच हेक्टर, प्रवेश विनामूल्य. मधून जाणाऱ्या रस्त्यामुळे त्याचे दोन भाग झाले असून ते भुयारी वाटेने जोडलेले आहेत; माकडांचे पिंजरे पश्चिमेच्या भागात आहेत. आसपासच्या कचेऱ्यांतील लोक तिथे डबा खायला जातात आणि वृद्ध मंडळी सकाळी व्यायामाला जातात. सस्तन प्राण्यांचा विभाग १४ ऑक्टोबरपासून बंद करून निर्जंतुकीकरण सुरू झाले, तेव्हा या लोकांना सर्वप्रथम धास्ती वाटली ती स्वतःची. काहींना मंकीपॉक्सची शंका होती.

ही भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये शाम शुई पो या जिल्ह्यात माणसांमध्ये मेलिऑइडोसिसचे रुग्ण नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक आढळले होते, त्यामुळे रोगाचे नाव लोकांच्या कानावर होते. त्यातच एप्रिल २०२४ मध्ये काम शान येथील वन्य माकडांशी झटापट झालेल्या एका माणसाला बी विषाणूची लागण होऊन तो अत्यवस्थ झाला होता. तो विषाणू होता, हा जिवाणू आहे. पण 'माकड आणि रोग' एवढेच लक्षात राहणाऱ्याला हा फरक कोण समजावणार?

आरोग्य विभागाने स्पष्ट सांगितले की हा रोग प्रामुख्याने दूषित माती व पाण्यातून होतो, प्राण्याकडून किंवा माणसाकडून माणसाला क्वचितच होतो आणि प्रेक्षकांचा त्या मातीशी संपर्क येत नाही. ते सांगणे योग्य वेळी झाले, असे मला वाटते.

---

भायखळेकर

सरकारी स्पष्टीकरणात 'असावेत' हा शब्द आहे याकडे कोणाचे लक्ष गेले का? बुटांना माती लागली असावी, ती आत गेली असावी. कामगार हा सर्वांत सोयीचा आरोपी असतो, कारण तो पत्रकार परिषद घेत नाही. तो बूट घालूनच आत जाणार. अनवाणी जाणार होता का? त्याला बूट बदलायला कोणी सांगितले होते का, बदलायला दुसरी जोडी दिली होती का, हे प्रश्न आधी विचारावे लागतील.

आमच्या राणीच्या बागेत २०१६ च्या जुलैत सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले आणि ऑक्टोबरात त्यांतली एक मादी मेली. कारण निघाले जिवाणुसंसर्गाचे. त्या वेळीही पंधरा दिवस राजकारण झाले, सभागृहात घोषणा झाल्या, आणि पाणी कुठून येते, खाद्य कसे साठवतात, या मूळ गोष्टींवर चार ओळीही छापून आल्या नाहीत.

---

सिंहगडरस्ता

पुण्यातही हेच झाले. जुलै २०२५ मध्ये कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात आठवड्याभरात सोळा चितळे मेली. हाँगकाँगइतकीच ती गंभीर घटना होती, पण आपल्याकडे कोणी धागा काढला नाही.

---

गोठ्यातला डॉक्टर

@सिंहगडरस्ता, गांभीर्य मान्य, तुलना मात्र जुळत नाही. कात्रजचे निदान लाळ्या खुरकुताचे होते आणि तो विषाणूचा रोग आहे. तो जनावरातून जनावरात वणव्यासारखा पसरतो, तेव्हा तिथे प्रश्न येतो तो आसपासच्या गाईगुरांचा, चाऱ्याचा आणि बाधित कळप वेगळा काढण्याचा.

जिवाणूचे उदाहरण हवे असेल तर बेळगावजवळ भुतरामनहट्टी येथील कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयाचे घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे ३१ काळविटे घटसर्पाने दगावली. आपल्याकडच्या प्रत्येक पशुपालकाला घटसर्प माहीत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आपण गुरांना त्याची लस टोचतोच. मात्र घटसर्पाचा जिवाणू, पाश्चुरेला मल्टोसिडा, धडधाकट जनावराच्या घशात गुपचूप राहू शकतो. हवा अचानक बदलली, जनावर भेदरले, दाटीवाटी झाली, की तो उसळतो. म्हणजे तिथे शत्रू कळपातच असतो, तर मेलिऑइडोसिसमध्ये तो कुंपणाबाहेरच्या मातीतून येतो. दोन्ही रोग जिवाणूंचेच, पण पहारा कुठे बसवायचा याचे उत्तर वेगवेगळे निघते. धाग्याच्या प्रश्नासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

---

सूक्ष्मदर्शी

किनारी कर्नाटकातील एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी काम केले आहे. उडुपी-मणिपालच्या पट्ट्यात मेलिऑइडोसिस हा पावसाळ्यातला नेहमीचा पाहुणा आहे. मधुमेही, शेतात राबणारा, चिखलात अनवाणी चालणारा माणूस हा त्याचा ठरावीक रुग्ण. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ६५ हजार माणसांना हा रोग होतो आणि त्यांतील सुमारे ८९ हजार दगावतात. त्यात दक्षिण आशियाचा वाटा मोठा आहे, तरी आपल्याकडे त्याचे नाव ठाऊक असलेले लोक विरळा. कित्येक रुग्णांवर क्षयरोग समजून उपचार होत राहतात, कारण फुप्फुसाचा फोटो तसाच दिसतो. प्रयोगशाळेतही हा जिवाणू साधा स्यूडोमोनास समजून किंवा 'नमुना दूषित झाला' म्हणून टाकून दिला जातो.

याचा माकडांशी संबंध असा, की शवविच्छेदन करणाऱ्याच्या मनात हे नाव आधीपासून नसेल तर निदान चुकण्याची शक्यता पुष्कळ. हाँगकाँगला २०२२ चा अनुभव होता. पहिल्या मृत्यूनंतर आठवड्याच्या आत निदान जाहीर झाले, यामागे तोही भाग असावा. उपचाराचेही तसेच आहे. पेनिसिलिन, अँपिसिलिन, जेंटामायसिन ही हाताशी असलेली औषधे यावर सहसा चालत नाहीत. माणसाला सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा-चौदा दिवस द्यावे लागते आणि त्यानंतर कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने. अर्धा किलोच्या टॅमरिनला चौदा दिवस शिरेतून औषध देण्याची कल्पना करून पाहा. त्यामुळे इथे इलाजाची भिस्त रोग आत येऊ न देण्यावरच आहे.

@भायखळेकर, बुटांच्या सिद्धान्ताबद्दल तुमची शंका रास्त आहे, पण तो अशक्य कोटीतला नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यात ट्युलेन विद्यापीठाचे वानरवर्गीय प्राण्यांचे संशोधन केंद्र आहे. तिथे एका बंदिस्त प्रयोगशाळेत याच जिवाणूवर उंदरांच्या साहाय्याने काम चालू होते. २०१४ च्या अखेरीस त्याच आवारातील, त्या प्रयोगाशी काडीचा संबंध नसलेल्या, उघड्यावर ठेवलेल्या ऱ्हीसस माकडांपैकी दोन आजारी पडली. तपासात आढळलेला जिवाणू प्रयोगशाळेतल्याच वाणाचा निघाला. संरक्षक कपडे वापरण्याच्या पद्धतीत त्रुटी सापडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या कपड्यांबरोबर तो बाहेर गेला असावा असा निष्कर्ष निघाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तेथील अशा घातक जिवाणूंवरचे काम थांबवण्यात आले. कडेकोट प्रयोगशाळेतून कपड्यांवर बसून जो माकडांपर्यंत पोहोचतो, त्याला कुदळीच्या मातीतून दहा पावलांवरच्या पिंजऱ्यात जाणे किती अवघड?

---

भायखळेकर

तुमचा दाखला पटला. माझा रोख मात्र तसाच आहे : ट्युलेनमध्ये काम थांबवले ते संस्थेचे. बूट घालणाऱ्याकडे बोट दाखवून प्रकरण मिटले नाही.

---

खडूफळा

इतका ऊहापोह कशासाठी? कोलंबियाच्या झाडांवरचे माकड हाँगकाँगच्या टेकडीवर पिंजऱ्यात ठेवले नसते तर तिथल्या मातीतील जिवाणूने ते मेले नसते. ज्या जातीच्या शरीराचा या जिवाणूशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला नाही, तिला त्याच्या शेजारी आणून ठेवायचे आणि मग पायपुसण्यांवर चर्चा करायची, हे मला पटत नाही. प्राणिसंग्रहालये बंद करणे हेच उत्तर आहे.

---

काटेसावर

@खडूफळा, तुमची भूमिका तत्त्व म्हणून समजू शकते, पण आज जी माकडे पिंजऱ्यात आहेत त्यांचे काय? उद्या सगळी प्राणिसंग्रहालये बंद करायची ठरवली तरी ती माकडे पुढची वीस वर्षे कुठल्या तरी कुंपणाच्या आतच राहणार आहेत आणि त्या कुंपणाशेजारी कोणी तरी पाइपसाठी खणणारच आहे.

---

गोठ्यातला डॉक्टर

खडूफळा यांच्या मुद्द्यातील एक भाग मी मान्य करतो. बंदिवासात माकड आपल्या सवयीच्या जिवाणूंपासून दूर जाते आणि आपल्या, म्हणजे माणसांच्या, जिवाणूंच्या जवळ येते. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण मातीचे नसून माणसाचे आहे. क्षयरोग आणि शिगेलाचा रक्ती आव हे माकडांना बहुधा माणसांकडून लागतात. खोकणारा कीपर, हात न धुता कापलेली फळे, जाळीतून दिलेला उष्टा खाऊ ही त्याची दारे. म्हणून कीपरची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी व्हावी, त्यात क्षयाची चाचणी असावी आणि नवीन आलेले जनावर काही आठवडे वेगळे ठेवावे, असा दंडक असतो. कागदावर तो आपल्याकडेही आहे.

उंदीर, खारी आणि पक्षी हे दुसरे दार. येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस नावाचा जिवाणू त्यांच्या विष्ठेतून खाद्यात येतो आणि थंडीतही वाढत राहतो, त्यामुळे हिवाळ्यात त्रास देतो. जपानमधील प्राणिसंग्रहालयांत स्क्विरल मंकींमध्ये त्याच्या साथी नोंदल्या गेल्या आहेत. याच कुळातला थोरला भाऊ म्हणजे प्लेगचा जिवाणू. २००७ च्या वसंतात अमेरिकेतील डेन्व्हर शहरात खारींमध्ये प्लेग आला होता. तेथील प्राणिसंग्रहालयातले एक कॅपुचिन माकड त्याने मेले. बागेतली प्लेगग्रस्त खार त्याने पकडून खाल्ली असावी, असा अंदाज होता. पिंजऱ्याची जाळी माकडाला बाहेर पडू देत नाही, एवढेच आपण पाहतो. खार आत येते त्याकडे आपले लक्ष नसते.

---

अर्धाचहा

खारीचा वाटा म्हणतात तो हाच काय!

---

ल्योंकर

युरोपातील एक जुने प्रकरण इथे सांगण्यासारखे आहे, कारण त्यात मेलिऑइडोसिसच होता. १९७० च्या दशकाच्या मध्यात पॅरिसच्या जार्दँ दे प्लांत या शहराच्या मध्यभागी असलेल्या जुन्या प्राणिसंग्रहालयात या रोगाची साथ आली आणि पुढे ती इतर प्राणिसंग्रहालये आणि घोड्यांच्या तबेल्यांपर्यंत पसरली. माणसेही दगावली. रोग कुठून आला याबद्दल बरेच तर्क झाले. चीनकडून भेट आलेल्या पांडाकडे आणि बाहेरून आणलेल्या घोड्यांकडेही बोट दाखवले गेले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते लिदीचे खत. बाधित जनावरांचे खत बाहेर गेले आणि त्याबरोबर जिवाणूही गेला. फ्रान्सच्या मातीत हा जिवाणू मुळात नव्हता. तेव्हा 'मातीतला जंतू' हे स्पष्टीकरण तिथे देताच आले नसते. तो माणसांच्या व्यवहारातून आला आणि त्यातूनच फिरला.

---

सूक्ष्मदर्शी

@ल्योंकर, उत्तम उदाहरण. त्याला एक अलीकडची आणि आपल्याला टोचणारी पुरवणी जोडतो. २०२१ मध्ये अमेरिकेतील चार निरनिराळ्या राज्यांत चौघांना मेलिऑइडोसिस झाला आणि दोघांचा मृत्यू झाला. त्यांच्यापैकी कोणीही परदेशी गेलेले नव्हते. शेवटी तो जिवाणू एका सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीत सापडला आणि तो फवारा भारतात तयार झालेला होता. त्यांतील एका घरात पाळलेले रकून तो फवारा सांडलेल्या ठिकाणी वावरले होते, तेही मेले. तेव्हा या जिवाणूला माती लागतेच असे नाही, ओलावा आणि वाहून नेणारा कोणी तरी मिळाला की पुरते.

---

मिरजेची कुक्कुटपालक

मी प्राणिसंग्रहालयातली जाणकार नाही, पण कोंबड्यांच्या शेडवर रोग आत येऊ न देण्यातच आमचे निम्मे आयुष्य जाते, म्हणून बुटांच्या प्रश्नावर थोडे लिहिते.

दारात जंतुनाशकाचे कुंड ठेवले की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चिखलाने माखलेला बूट त्यात बुडवला तर जंतुनाशक चिखलावरच खर्ची पडते. ब्लीचिंगच्या पाण्याचे तर फारच लवकर होते. सकाळी केलेले पाणी चार गडी आत-बाहेर केले की नुसते गढूळ पाणी उरते. शिवाय माणूस कुंडात पाय टाकतो आणि लगेच पुढे जातो, औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. म्हणून बूट आधी ब्रशने घासून धुवायचा, मग बुडवायचा आणि कुंडातले पाणी मळले की बदलायचे. यातही कंटाळा होतोच, त्यामुळे सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आतले बूट आतच आणि बाहेरचे बाहेरच. आमच्याकडे शेडच्या दारात आडवा कट्टा आहे. कट्ट्यावर बसायचे, बाहेरच्या बाजूला बूट काढायचे, पाय वर घेऊन फिरवायचे आणि आतल्या बाजूचे गमबूट घालायचे. आतले गमबूट वेगळ्या रंगाचे आहेत. चुकीच्या रंगाचा बूट आत दिसला की लांबूनच कळते, कोणाला जाब विचारावा लागत नाही.

एक गोष्ट अनुभवाने सांगते. रोजचा गडी हे सर्व पाळतो. घोटाळा होतो तो वायरमन, प्लंबर, गवंडी आला की. तो घाईत असतो, त्याला कोणी समजावलेले नसते आणि 'दोनच मिनिटांचे काम आहे' म्हणून त्याला तसाच आत सोडला जातो. हाँगकाँगचे वर्णन वाचून मला त्याच दोन मिनिटांची आठवण झाली.

---

भायखळेकर

ताई, या धाग्यावरचा सर्वांत उपयोगी प्रतिसाद तुमचा आहे. मी इतका वेळ जे सांगू पाहत होतो ते तुम्ही कट्ट्यावर बसून सांगितलेत.

---

वाचनमात्र

एक साधा प्रश्न. पुढच्या महिन्यात आम्ही हाँगकाँगला जाणार आहोत. लहान मुलांना त्या उद्यानात न्यावे का?

---

हार्बरपलीकडचा

@वाचनमात्र, जरूर न्या. मळलेल्या वाटेवरून फिरा, खोदलेल्या जागेजवळ किंवा फुलझाडांच्या वाफ्यांत मुलांना माती खेळू देऊ नका, कुठे खरचटले असेल तर पट्टी लावा आणि खाण्यापूर्वी हात धुवा. बरोबरच्या कोणा वडीलधाऱ्यांना मधुमेह असेल तर पावसात मोकळ्या चपला न घालता बूट घालायला सांगा; पण हे पथ्य त्या उद्यानापुरते नाही, साऱ्या शहरालाच लागू आहे. काम शानला गेलात तर माकडांना खाऊ मात्र चुकूनही देऊ नका. ऑगस्ट २०२४ पासून तिथे जागच्या जागी पाच हजार हाँगकाँग डॉलर दंड होतो. तेवढ्यात घरच्या सगळ्यांचे उत्तम जेवण होते.

---

कोकणातला कारकून

आमच्या सिंधुदुर्गात लेप्टोचे नाव सर्वांना पाठ आहे, कारण दर पावसाळ्यात गोळ्या वाटल्या जातात. मेलिऑइडोसिस मात्र या धाग्यावर प्रथमच वाचला. भातशेती, चिखल, पाऊस, मधुमेह हे सगळे आमच्याकडेही आहे. माकडांच्या निमित्ताने का होईना, ही माहिती मिळाली हे बरे झाले. मूळ प्रश्नाचे काय ठरले?

---

काटेसावर

@कोकणातला कारकून, आठवण केलीत ते बरे झाले.

सर्व प्रतिसाद वाचून माझे मत अधिक नेमके झाले आहे. डॉक्टरसाहेब म्हणतात तसे, त्या मातीत काय आहे हे आधी कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते, हे मी मान्य करतो. मात्र २०२२ नंतर हा जिवाणू हाँगकाँगच्या जमिनीत आहे ही गोष्ट त्या शहराला सर्वसाधारणपणे माहीत होती. उद्यानातील झाडे, पाइप आणि प्राणी हे सर्व एकाच खात्याच्या ताब्यात आहे. तेव्हा खोदकामाचा आदेश निघाला त्या दिवशी पशुवैद्याला विचारणे ही एका फोनची गोष्ट होती. तो फोन झाला की नाही हे मला बातम्यांत कुठे वाचायला मिळाले नाही. पण असा फोन करणे बंधनकारक असायला हवे, एवढे मी ठामपणे म्हणेन.

---

गोठ्यातला डॉक्टर

बंधनकारक असावे हे खरे, पण फोन येऊन तरी पशुवैद्य काय सांगणार? मातीचा नमुना पाठवला तर अहवाल यायला दिवस लागतात, आणि नमुन्यात जिवाणू सापडला नाही म्हणजे तो तिथे नाही असेही होत नाही. हातभर अंतरावर असू शकतो. म्हणून तपासणीच्या नादी न लागता प्रत्येक खोदकाम दूषित आहे असे धरूनच चालावे, असे माझे मत आहे. खड्ड्याभोवती ओले पोते किंवा ताडपत्री, उकरलेली माती उघडी न ठेवणे, पिंजऱ्यांकडे जाणारे पावसाचे पाणी वळवणे, काम करणारा आणि पिंजरा झाडणारा माणूस वेगळा ठेवणे आणि मिरजेच्या ताईंचा कट्टा. यांतले काहीही महाग नाही. एवढे करूनही बाराच्या बारा वाचली असती असे मी लिहून देणार नाही. मातीची धूळ वाऱ्यानेही उडते.

---

भायखळेकर

मी आमच्या शहरातील प्राणिसंग्रहालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाकणार आहे. गेल्या तीन वर्षांत पिंजऱ्यांच्या परिसरात किती वेळा खोदकाम झाले आणि त्या प्रत्येक वेळी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी संमती घेतली होती का, एवढेच विचारतो. दहा रुपयांचे तिकीट लागते. आणखी काय विचारावे, ते सुचवा.

---

मिरजेची कुक्कुटपालक

कंत्राटदाराच्या कामगारांसाठी आत वेगळे बूट ठेवले आहेत का आणि किती जोड, ते विचारा.

---

गोठ्यातला डॉक्टर

मेलेल्या प्रत्येक माकडाच्या शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागा आणि त्यात जिवाणूंच्या तपासणीसाठी नमुना कोणत्या प्रयोगशाळेकडे पाठवला होता तो रकाना भरलेला आहे का, तेवढे पाहा. उत्तर आले की याच धाग्यावर टाका.